सुटकेचा अंगठा

१

लष्कराच्या कागदानुसार तो एकोणीस दिवसांपूर्वी सुटला होता. छावणीपासून त्याच्या घरापर्यंत बसने पाऊण तास लागतो. माणूस रांगत निघाला असता तरी एव्हाना पोचला असता.

कागदाची नक्कल माझ्या भाचीच्या टेबलावर पडली होती आणि समोर त्याची बायको बसली होती. भाची वकील आहे. मी निवृत्त झाल्यापासून तिच्या ऑफिसात फायली लावते, कारण घरी बसलं की मला शेजाऱ्यांच्या उचापती करायची सवय लागते. त्याआधी एकतीस वर्षं जमीन नोंदणीच्या कचेरीत होते. काम एकच: विकणाऱ्याचं मनगट धरायचं, अंगठा शाईत बुडवायचा आणि कागदावर फिरवायचा. कचेरीत मला अंगठाबाई म्हणत. तोंडावर नाही, पण भिंतींना कान असतात तसे मलाही आहेत.

"साठ दिवसांपूर्वी नाक्यावर धरलं त्यांना," बाई सांगत होती. ती बिस्किटांच्या कारखान्यात पुडे बांधते. बोलतानाही तिची बोटं पदराचं टोक घड्या घालून चेपत होती. "पिशवीत पांढरी पावडर आणि दोऱ्याची रिळं सापडली म्हणे. अहो, फरशी बसवणाऱ्याच्या पिशवीत दुसरं काय असणार? फटी भरायची पावडर आणि ओळ धरायचा दोरा. पण पूल उडवल्याला चारच दिवस झाले होते. कोण ऐकतंय?"

तिच्या नवऱ्याला सगळे पाणसळ म्हणत. पाणसळ म्हणजे फरशी सपाट आहे की नाही ते दाखवणारी, आत बुडबुडा असलेली पट्टी. ती कायम त्याच्या खिशात. कोणाकडे चहाला गेला तरी आधी टेबलावर ती ठेवून बघायचा आणि मग यजमानाला वाईट वाटेल असं काहीतरी बोलायचा.

"माझी जाऊ म्हणते, सुटला आणि परस्पर दुसरीकडे गेला. पुरुषांचा काय भरवसा." तिने मान वर केली. "ज्याला दुसऱ्याचं टेबल डुगडुगताना बघवत नाही, तो स्वतःचं घर असं सोडून जाईल?"

भाचीने मला बाजूला घेतलं. "मावशी, उद्या अकराला सुनावणी आहे. कागदावर त्याचा अंगठा आहे, साक्षीदाराची सही आहे. कोर्टाने सुटका मानली की त्याला हजर करा म्हणून केलेला आपला अर्ज निकाली. मग लष्कराला त्याच्याबद्दल कोणी विचारूच शकणार नाही. आत असला तरी तो आत नसेल."

"आज काय करता येतं?"

"कोर्टाने एक दिवस दिलाय. छावणीचे कागद बघायचे आणि तीन माणसांना प्रश्न विचारायचे. मी आणि एक मदतनीस."

बाई जायला उठली. तिला जरा हलकं वाटावं म्हणून मी विचारलं, "अंगठा का? सही येत नाही त्यांना?"

"येते की. पण छावणीत सगळ्यांचा अंगठाच घेतात म्हणे. आणि यांच्या अंगठ्याची तर थट्टाच. कामावर हजेरीचं यंत्र आहे ना, ते कधी यांचा अंगठा घ्यायचंच नाही. मुकादम हातानेच हजेरी लिहायचा. गेल्या वर्षी पाय मोडून महिनाभर घरी होते, त्यानंतर पहिल्या दिवशी यंत्राने एका दमात घेतला. घरी येऊन असे सांगत होते, जसा काही परीक्षेत पहिला नंबर आलाय." ती पहिल्यांदा थोडी हसली. "पंधरा दिवसांत पुन्हा नापास."

मीही हसले आणि छत्री शोधायला लागले. एकतीस वर्षं अंगठे धरलेली बाई, आणि ही गोष्ट माझ्या डोक्यावरून गेली. म्हातारपण दुसरं काय असतं.

२

छावणी म्हणजे जुनं बस आगार. गाड्यांखाली उतरून काम करायचे खड्डे अजून तसेच होते, फक्त त्यांवर लोखंडी जाळ्या टाकल्या होत्या. मी एका जाळीशी थबकले. शिपाई म्हणाला, "आजी, पुढे चला." त्याचा आवाज वाईट नव्हता, पण त्याने जाळीकडे पाहिलं नाही.

मेजर देखणा होता, बोलायला गोड होता आणि त्याने स्वतः उठून आम्हाला खुर्च्या दिल्या. असल्या माणसांची मला फार भीती वाटते.

"मॅडम, तुमच्या अशिलाबद्दल मला मनापासून वाईट वाटतं," तो भाचीला म्हणाला. "चौकशीत काही निघालं नाही, आम्ही त्याला सोडलं. एक्केचाळिसाव्या दिवशी, सकाळी दहाला, मुख्य फाटकावर. पुढे तो कुठे गेला, हे घरच्यांनी स्वतःला विचारावं."

भाचीने चिकार प्रश्न विचारले. कोणत्या खोलीत ठेवलं, कोणी चौकशी केली, डॉक्टरने कधी तपासलं. प्रत्येक उत्तर तयार होतं आणि प्रत्येकाला नियमाचा आकडा होता. तिचा चेहरा उतरत चालला तशी मी मध्ये तोंड घातलं.

"साहेब, एवढी माणसं आत दिवसभर करतात काय? स्वयंपाक, झाडलोट, काही बांधकाम?"

भाचीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कोर्टात लोणच्याची कृती विचारली होती.

"छे," मेजर म्हणाला. "नागरी कैद्याला कामाला लावणं नियमात बसत नाही. वर्तमानपत्रं काहीही छापतात. तुमच्या त्या माणसाने एक्केचाळीस दिवसांत हातात झाडूसुद्धा धरला नाही. बसून जेवत होता."

"हे लिहून द्याल? त्याच्या बायकोला बरं वाटेल."

"अवश्य." त्याने लिहिलं, सही केली, तारीख घातली. अक्षरही देखणं होतं.

खरं सांगते, तेव्हा माझ्या मनात काहीच नव्हतं. त्या जाळ्यांखाली त्याला राबवलं असेल का, एवढीच धास्ती होती. बाहेर आल्यावर भाची पुटपुटली, "आपल्याला तीनच माणसं दिलीत मावशी, आणि तू एकाकडून त्याच्याच चांगुलपणाचा दाखला घेतलास."

३

दुसरा माणूस छावणीचा कारकून. लष्करातला नव्हे, नेमून आणलेला. त्याच्या टेबलावर पेन्सिली उंचीप्रमाणे लावल्या होत्या. शाईची पेटी, ओलं फडकं, कोरडं फडकं, हात धुवायला घंगाळ. मला एकदम माहेरी आल्यासारखं झालं.

"आल्यावर एक कागद, जाताना एक कागद," तो म्हणाला. "दोन्हींवर डावा अंगठा. तीन वर्षांत एकाही कागदावर खाडाखोड नाही."

त्याने दोन्ही मूळ कागद काढले. भाचीची सगळी आशा इथेच होती. सुटकेच्या कागदावरचा अंगठा दुसऱ्या कुणाचा निघाला, की खेळ संपला. मी पिशवीतून भिंग काढलं आणि खिडकीशी गेले.

दोन्ही ठसे वाईट होते. मध्यभाग पांढरा, गुळगुळीत, रेषा नावालाच. पण कडेला तीन रेषा स्पष्ट, त्यांतली मधली फाटा फुटलेली. डाव्या कोपऱ्यात एक आडवी खूण. पहिल्यावर होती, दुसऱ्यावर तिथेच होती. मी तीनदा पाहिलं, मग दोन्ही कागद उलटे धरून पाहिलं, कारण घाईत डोळे आपल्याला हवं ते बघतात.

"मावशी?"

"अंगठा त्याचाच आहे," मी म्हटलं. "दोन्हींवर. शंकाच नाही."

कारकुनाने कागद परत फायलीत सरळ लावले. भाचीने पेनाचं टोपण लावलं आणि ते उगीच पुन्हा काढलं.

४

तिसरा माणूस ठेकेदार. पाणसळ त्याच्याकडेच कामाला होता आणि सुटकेच्या कागदावर नागरी साक्षीदार म्हणून सहीही त्याचीच होती. शहराबाहेर एका दवाखान्याच्या इमारतीचं काम चाललं होतं, तिथे तो भेटला. आम्हाला बघून त्याने फोन कानाला लावला. फोनवर पलीकडे कोणी नव्हतं. पडदा काळाच होता.

"तुम्ही त्याला सुटताना बघितलंत?" भाचीने विचारलं.

"हो. म्हणजे, सही आहे ना माझी."

"सहीचं नाही विचारलं. कसा दिसत होता?"

"कसा म्हणजे? नेहमीसारखा. कामाची पँट, गुडघ्याला सिमेंट. हाताला ती पांढरी पावडर तशीच. मी म्हटलंसुद्धा, हात तरी धुवायचेस."

भाचीचं पेन थांबलं. माझंही डोकं आता कुठे चालायला लागलं. "एक्केचाळीस दिवस हाताला पावडर तशीच?" मी म्हटलं. "छावणीत घंगाळ आहे हो. मी आत्ताच बघून आले."

त्याने घाम पुसला. "बाई, दुसरीच पावडर असेल. मला काय माहीत."

तेवढ्यात मागून शिवी ऐकू आली. दारापाशी भिंतीवर हजेरीचं यंत्र होतं आणि एक मजूर त्यावर अंगठा दाबत होता. यंत्र लाल दिवा दाखवत होतं. त्याने अंगठा पँटला पुसला, फुंकर मारली, पुन्हा दाबला. पुन्हा लाल. "याच्या आयला," तो म्हणाला, "मी मेलो तरी हे म्हणेल ओळखत नाही."

मी तिथेच उभी राहिले. सकाळी बाईने सांगितलेलं सगळं एकदम कानात आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी माझी गत झाली होती.

"अगं," मी भाचीला म्हटलं, "कागद खरा आहे. अंगठा खरा आहे. तारीख खोटी आहे."

५

ठेकेदाराला आम्ही त्याच्याच पत्र्याच्या खोलीत बसवलं आणि मी त्याला समजावून सांगितलं, कारण उद्या कोर्टात तेच सांगायचं होतं आणि माझी रंगीत तालीम व्हायला हवी होती.

"सिमेंट आणि चुना कातडी खातात. वर फरशी घासायचा दगड. तुमच्या माणसांच्या अंगठ्यांवरच्या रेषा झिजतात, म्हणून यंत्र घेत नाही. पण रेषा मरत नाहीत. तीन-चार आठवडे हात कामाला लागला नाही की खालून परत येतात. माझ्या कचेरीत गवंडी यायचे, त्यांचा ठसा नीट उठला नाही की आम्ही सांगायचो, महिनाभर आराम करा आणि मग या. पाणसळचा पाय मोडला होता तेव्हाही हेच झालं. बरोबर?"

"बरोबर," तो हळूच म्हणाला.

"मेजरसाहेबांनी लिहून दिलंय, एक्केचाळीस दिवसांत त्याने झाडूसुद्धा धरला नाही. मग सुटताना त्याचा अंगठा नव्या नाण्यासारखा उठायला हवा. तो उठलाय आल्या दिवसासारखाच. अगदी तितकाच झिजलेला."

ठेकेदाराने उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "धरलं त्याच दिवशी मी गेलो होतो. माझा माणूस आहे, सोडा, म्हणायला. त्याला समोर आणला, अंगठे घेतले. मला म्हणाले, ओळखता ना, मग इथे सही करा आणि इथे. दुसऱ्या कागदावर काहीच लिहिलेलं नव्हतं. म्हटलं हे काय? तर म्हणाले, इथला रिवाज आहे."

"हे कोर्टात सांगाल?" भाचीने विचारलं.

"वकीलबाई, माझी बारा माणसं रोज त्याच नाक्यावरून येतात-जातात. तिघं तर सख्खे भाऊ आहेत. उद्या बाराच्या बारा आत गेली तर त्यांच्या आयांना मी काय सांगू?"

भाचीच्या तोंडावर काहीतरी कडक आलं होतं. मी तिच्या हातावर हात ठेवला. भित्रा आणि वाईट यांत फरक असतो, आणि हा माणूस पहिल्याच दिवशी धावत गेला होता.

"सांगू नका," मी म्हटलं. "त्या यंत्राची दोन वर्षांची यादी छापून द्या. खाली फक्त तुमची सही."

त्याने दिली. गेल्या वर्षीच्या पानावर पाणसळच्या नावापुढे ओळीने 'नाकारला', 'नाकारला'. मग तेहतीस दिवस रजा. मग सलग नऊ दिवस 'स्वीकारला'. मग पुन्हा 'नाकारला'.

परतताना बसमध्ये भाची म्हणाली, "पण ते असं कशाला करतील? हवा तेव्हा नवा अंगठा घेता येतो की."

मी खिडकीबाहेर बघत होते. "सोय गं. माणूस समोर आहे, शाई उघडी आहे, तर दोन्ही उरकून घ्या. पुन्हा त्याला आणा, धरा, हात पुसा, कशाला? आम्हीही तेच करायचो. खेड्यातून आलेल्या माणसाला दुसरी फेरी नको म्हणून कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन ठेवायचो. मजकूर नंतर. तो कारकून मला ओळखीचा का वाटला, ते आत्ता कळलं."

"तू केलंस हे?"

"शेकडो वेळा. त्या कागदांवर पुढे कोणी काय लिहिलं, मी कधी पाहिलं नाही. लाज वाटते मला." तिने असू दे म्हटलं नाही, आणि ते योग्यच होतं.

६

अकराच्या ठोक्याला कोर्ट भरलं. मेजर पहिल्या रांगेत, कारकून त्याच्या मागे. पाणसळची बायको कारखान्याच्या निळ्या झग्यातच आली होती. रजा मिळाली नव्हती, ती तशीच उठून आली होती.

लष्कराचा वकील उभा राहिला. "विरुद्ध बाजूच्या साक्षीदार स्वतःच मान्य करतात की ठसा त्याच माणसाचा आहे. मग वाद कसला?"

न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं. मी यादी दिली, भिंग दिलं, दोन्ही ठसे पुढे ठेवले आणि जे पत्र्याच्या खोलीत सांगितलं तेच सांगितलं.

"खराब अंगठा तो खराबच," वकील म्हणाला. "शाई फाकली असेल."

"शाई फाकली तर कडा आधी जातात," मी म्हटलं. "इथे कडा शाबूत आहेत आणि मधलंच गेलंय. दोन्ही कागदांवर. फाकायचं म्हटलं तरी इतकं मापात फाकत नाही."

"मग त्याने आत काही काम केलं असेल," वकील घाईने म्हणाला. "सिमेंटचं."

मेजरने डोळे मिटले. भाचीने त्याच्या देखण्या अक्षरातला कागद उचलला आणि सावकाश वाचला, झाडूसकट.

न्यायाधीश पुढे झुकले. "मेजर, दोनच गोष्टी संभवतात. एकतर तुम्ही नागरी कैद्याला कायदा मोडून कामाला लावलं आणि या कोर्टाला खोटं लिहून दिलं. नाहीतर हा सुटकेचा अंगठा अटकेच्या दिवशी घेतला. कोणतं?"

मेजर वकिलाकडे बघू लागला. तेव्हा मी कारकुनाकडे वळले. मला प्रश्न विचारायची परवानगी नव्हती, पण कोणी अडवलंही नाही. "भाऊ, तुमच्या कपाटात तारखेविना अंगठे असलेले कागद आहेत ना? माझ्या असायचे. खालच्या खणात. धूळ लागू नये म्हणून कापडात."

त्याने मेजरकडे पाहिलं, मग त्या निळ्या झग्याकडे. तीन वर्षांत एकही खाडाखोड न केलेला माणूस उभा राहिला आणि म्हणाला, "वरच्या खणात. त्र्याहत्तर आहेत."

बाजूला कोणीतरी रडायला लागलं. पाणसळची बायको नव्हे. तिने माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर चार दिवस तिथे निळं होतं.

हुकूम झाला. कारकुनाला कोर्टाच्या संरक्षणात घ्यायचं, कपाटाला सील लावायचं, आणि पाणसळसह ज्यांचे ज्यांचे अंगठे त्या खणात आहेत, त्या प्रत्येकाला अठ्ठेचाळीस तासांत कोर्टापुढे उभं करायचं.

७

अठ्ठेचाळीस तास संपायला वीस मिनिटं असताना एक गाडी कोर्टाच्या आवारात शिरली. त्र्याहत्तरांसाठी एकच गाडी. फाटकाबाहेर आया, बायका, बहिणी उभ्या होत्या; बातमी कशी पसरली कोण जाणे. गाडीतून पाच माणसं उतरली. सोबतच्या अधिकाऱ्याने भाचीला कागद दिला: बाकीच्यांच्या नोंदी तपासणे चालू आहे.

पाचवा पाणसळ होता. निम्मा झाला होता. उजेडात डोळे उघडवत नव्हते. बायको पुढे गेली, त्याच्या खांद्याला हात लावला आणि तो खरा आहे हे पटल्यासारखी नुसती उभी राहिली. त्याने तिच्या हातावर गाल टेकला. मग विचारलं, "लिहिणारं कोण आहे?"

"आधी पाणी प्या," ती म्हणाली.

"नको. आधी लिहून घ्या, नाहीतर सांडेल सगळं." त्याचा आवाज वाळलेला होता. "आत नावं सांगायला बंदी होती. नंबरनेच हाका. नंबर दर आठवड्याला बदलायचे. म्हणून मी ज्याच्या त्याच्या धंद्यावरून लक्षात ठेवलं. रोज सकाळी घोकायचो. माझ्या शेडमध्ये एकोणतीस होते."

मी पायरीवर बसले आणि कागद मांडीवर घेतला. एकतीस वर्षांत मी दुसऱ्याने सांगितलेलं पुष्कळ लिहिलं; या वेळी तारीख आधी घातली.

"पंप दुरुस्त करणारे दोन भाऊ. धाकटा खोकतो. परवापर्यंत होते," तो म्हणाला. "शाळेतला चित्रांचा मास्तर. त्याला दहा दिवसांपूर्वी दुसरीकडे हलवलं, रात्री नाही, दुपारी, हिरव्या गाडीतून. एक न्हावी. कानाला भोक आहे. बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती म्हणायचा, मुलगा की मुलगी ते कळलं नाही म्हणायचा."

फाटकाच्या गजांपाशी एक पोरगेलीशी बाई कडेवर बाळ घेऊन उभी होती. तिने गज धरले.

"कोणत्या कानाला?" तिने विचारलं.

पाणसळने डोळ्यांवर हात धरून तिच्याकडे वळून पाहिलं. "डाव्या," तो म्हणाला. "परवा होता. जेवला होता."

तिने बाळाला वर उचलून धरलं, जणू तो न्हावी इथूनच बघणार होता. "मुलगी आहे," ती म्हणाली. "हेही लिहा."

मी लिहिलं. शिपायाने फाटक उघडलं नाही, पण बायका एकेक करून गजांपाशी सरकू लागल्या, आणि पाणसळ पुढचा माणूस सांगू लागला.